थिनर, सुई आणि पंचेचाळीस डिग्री!

खान्देशातल्या उन्हात एनॅमल पेंट पातळ करायचा, एअरब्रशमधून फवारायचा आणि वर तो ब्रश साफही करायचा… वीकेण्डला करण्यासारखं आहे हे? आहे, बॉस! जळगाव-धुळ्यात फिरून गोळा केलेला हा फंडा, खास तुमच्यासाठी.

'एअरब्रश' म्हटलं की तुमच्या-माझ्या पिढीला आधी काय आठवतं? फोटोशॉपमधलं टूल! पिंपल पुसायचे, डबल चिन गायब करायची आणि डीपी टाकून मोकळं व्हायचं. पण ते टूल ज्याचं चित्र आहे, ती खरीखुरी वस्तू तुमच्यापैकी किती जणांनी हातात धरलीये? पेनाएवढी जाड, धातूची, वर छोटीशी वाटी, खाली हवेची नळी आणि आत एक लांबलचक सुई. १८७६ मध्ये अमेरिकेतल्या फ्रान्सिस एडगर स्टॅन्लीने रंग फवारण्याच्या अशाच एका उपकरणाचं पेटंट घेतलं. पुढे हाच गडी भावाबरोबर वाफेवर चालणाऱ्या मोटारी बनवून फेमस झाला. फोटो 'टच-अप' करणं म्हणजे त्या काळी माऊस हलवणं नव्हतं, तर रंगाची वाफ फोटोवर सोडणं होतं!

आज ही वस्तू ज्यांच्या टेबलावर हमखास दिसते, ती जमात म्हणजे स्केल मॉडेलवाले. प्लास्टिकचे सुटे पार्ट जोडून विमान, रणगाडा, रेल्वे इंजिन बनवायचं आणि ते रंगवून अस्सल दिसेल असं करायचं. छोट्या वस्तूंचं हे वेड आपल्याकडे नवीन नाही. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम १९९८ पासून लोक रांगा लावून बघतायत. पण पुण्यात सगळंच मिळतं हो! जळगाव-धुळ्यात हा छंद करायचा म्हणजे दुकानापासून हवामानापर्यंत सगळ्यांशी पंगा.

१:७२ चं मिग

माझा एक मित्र जळगावात असतो. दिवसभर लॅपटॉपवर क्लायंट कॉल, संध्याकाळी गाडीवरची शेवभाजी, असं एकदम टिपिकल रूटीन. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये मिग-२१ विमानांना निरोप दिला गेला, तेव्हा त्याने तो कार्यक्रम मोबाइलवर पूर्ण पाहिला आणि त्याच रात्री मिग-२१ चं किट ऑर्डर केलं. १:७२ स्केलचं. म्हणजे खऱ्या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत ७.१५ मीटर, तर मॉडेलचे जेमतेम १० सेंटिमीटर. तळहातावर मावेल एवढं फायटर!

कारण साधं होतं. त्याचे वडील, घरात सगळे त्यांना 'नाना' म्हणतात, ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये फिटर होते. १९६३ मध्ये मिग-२१ हवाई दलात आलं आणि १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझरला त्याच्यासाठी कारखाना उभा राहिला. पुढे तिथे मिग-२७ बनली, सुखोई-३० बनली आणि जुन्या मिग-२१ पैकी सुमारे सव्वाशे विमानांना नवं रडार, नवी यंत्रणा बसवून 'बायसन' बनवण्याचं कामही तिथेच झालं. नानांची नोकरी या सगळ्यातून गेली. रिटायर झाल्यावर ते धुळ्याला घरी परतले.

आता नानांना काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, पण बाजूची नजर आत-आत सरकत चाललीये. या आजारात गेलेली नजर परत येत नाही. औषधांनी फक्त पुढचं नुकसान थोपवायचं. त्यामुळे मित्राचं डेडलाइन क्लायंटने दिलेलं नव्हतं. मिग नानांना दिसतंय तोवर ते पूर्ण व्हायला हवं, बस्स!

त्याने आधी प्रॅक्टिस म्हणून विमानाच्या पोटाखालची इंधनाची टाकी रंगवली. हार्डवेअरच्या दुकानातला राखाडी एनॅमल, थोडं टर्पेंटाइन, अंदाजपंचे! लांबून झकास दिसत होती. नानांनी टाकी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, मग नख फिरवलं आणि विचारलं, "याला प्लास्टर केलं का रे?"

जोडाच्या कोरीव रेषा रंगाखाली बुजल्या होत्या. डोळ्यांना कमी दिसायला लागल्यापासून नाना वस्तू बोटांनी वाचतात आणि त्यांच्या बोटांना त्या टाकीवर वाचायला काहीच उरलं नव्हतं.

गणित ७२ चं

इथे स्केल मॉडेलिंगचा मूळ फंडा लक्षात घ्या. रंगाचा थर एक दशांश मिलिमीटर जाड झाला, तर तुम्हाला वाटेल, काय एवढं? पण १:७२ च्या मॉडेलवर तो खऱ्या विमानावरच्या ७.२ मिलिमीटर थरासारखा दिसतो! कुठलं विमान अंगावर एवढा गिलावा घेऊन उडेल? रेल्वे मॉडेलवाल्यांच्या लाडक्या एचओ स्केलमध्ये, म्हणजे १:८७ मध्ये, हाच थर ८.७ मिलिमीटर होतो. म्हणून रंग पातळ हवा, थर पातळ हवा आणि एका जाड थराऐवजी तीन-चार विरळ थर हवेत. साध्या ब्रशने हे फार अवघड जातं. एअरब्रश लागतो तो यासाठी.

मग आजकाल सगळे पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक वापरतात, ते का नाही? चांगला प्रश्न! ॲक्रिलिक साफ करायला सोपे, वासही कमी. पण ते पटकन वाळतात आणि जळगावच्या मे महिन्यात 'पटकन' या शब्दाचा अर्थच बदलतो. पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना ॲक्रिलिक सुईच्या टोकावरच सुकून बसतो. दर दोन मिनिटांनी थांबा, टोक पुसा, पुन्हा सुरू करा. एनॅमल त्या मानाने निवांत गडी! आधी त्यातलं टर्पेंटाइन उडून जातं आणि मग त्यातलं रेझिन हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून हळूहळू कडक होतं. याला तास नाही, दिवस लागतात. हा आळशीपणाच उन्हाळ्यात आपल्या कामाचा.

उस्तादांची शाळा

जुन्या नंबरांनुसार सांगायचं तर राष्ट्रीय महामार्ग ३, ६ आणि २११ असे तिन्ही धुळ्यात भेटायचे. नंबर बदलले, ट्रक तेच! त्यामुळे रस्त्याकडेला गॅरेज आणि गाड्या रंगवणारे पेंटर भरपूर. पारोळा रोडवरच्या अशाच एका गॅरेजात मित्र मला घेऊन गेला. तिथल्या पेंटरना सगळे 'उस्ताद' म्हणतात. आयुष्य ट्रकच्या केबिनवर रंग मारण्यात गेलेलं. एवढंसं विमान बघून ते आधी मनसोक्त हसले. "काय करी ऱ्हायना भाऊ, खेळणं रंगाडी ऱ्हायना?" पण टाकीवरचा थर बघितला आणि एकदम सिरीयस झाले.

पहिला धडा: ढवळणे. एनॅमलच्या डब्यात रंगाची भुकटी तळाशी बसलेली असते. वरवर काडी फिरवली तर वरचं तेलकट पाणी तेवढं मिळतं. तळ खरवडत दोन-तीन मिनिटं ढवळायचं. मग जुन्या नायलॉन सॉक्समधून गाळायचं. एक गुठळी पुरते सगळं बंद पाडायला. एअरब्रशचं नोझल असतं ०.३ मिलिमीटरच्या आसपास!

दुसरा धडा: थिनर कोणतं? दुकानात नुसतं 'थिनर द्या' म्हणाल तर बहुतेक वेळा एनसी थिनर हातात पडेल. ते झटपट उडणारं, जहाल असतं. गाडीच्या पत्र्यावर ठीक, पण किटचं प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन, आणि हे थिनर त्याला विरघळवू शकतं. हार्डवेअरमधल्या एनॅमलसाठी मागायचं ते मिनरल टर्पेंटाइन, दुकानदाराच्या भाषेत 'एमटीओ'. हम्ब्रॉलसारखे खास मॉडेलचे एनॅमल ऑनलाइन मागवत असाल, तर त्याच कंपनीचं थिनर बेस्ट. काहीही असो, आधी पार्ट ज्या प्लास्टिकच्या फ्रेमला जोडून येतात, त्या फ्रेमच्या तुकड्यावर ट्रायल घ्या. तुकडा मऊ पडला, चिकट झाला, की ते थिनर बाद! आणि घासलेट? नकोच. मागे तेलकटपणा राहतो आणि पुढचा थर धरत नाही.

तिसरा धडा: किती पातळ? मोठ्या कारखान्यात यासाठी 'फोर्ड कप' असतो. तळाला भोक असलेला धातूचा कप. रंग भरायचा आणि तो गळून जायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. उस्तादांचा कप म्हणजे त्यांचे डोळे. त्यांनी रंग आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं घेतलं, काचेच्या ग्लासात हलवलं आणि ग्लास तिरका केला. रंग काचेवरून साय काढलेल्या दुधासारखा ओघळला पाहिजे. ताकासारखा दाटसर राहिला तर अजून थोडं टर्पेंटाइन. पाण्यासारखा सरळ पळाला तर जास्त झालं, चार थेंब रंग घाला. निम्मं-निम्मं ही फक्त सुरुवात, कारण प्रत्येक डबा वेगळा आणि प्रत्येक दुपार वेगळी. "आते बरं शे," उस्ताद म्हणाले, तेव्हा ग्लासात रंगापेक्षा टर्पेंटाइन थोडं जास्तच होतं.

ऊन विरुद्ध आपण

चौथा धडा मात्र फक्त खान्देशात मिळतो! रंग नोझलमधून निघून प्लास्टिकवर पोचेपर्यंतचं अंतर असतं पाच-सात सेंटिमीटर. पण हवा तापलेली आणि कोरडी असेल तर तेवढ्यातही थेंबातलं थिनर उडून जातं आणि प्लास्टिकवर रंगाऐवजी बसते रंगाची पावडर. बोट फिरवलं तर सॅण्डपेपर! गाड्यांच्या रंगासाठी तर बाजारात थिनरच वेगवेगळी मिळतात. उन्हाळ्यात हळू उडणारं, थंडीत लवकर उडणारं. मॉडेलवाल्यांनी काय करावं? सकाळी सहा-सात वाजता काम उरकावं, रंग किंचित जास्त पातळ ठेवावा, हवेचा दाब १५ ते २० पीएसआयच्या आत ठेवावा आणि ब्रश थोडा जवळ धरावा.

पावसाळ्यात उलटं दुखणं. हवेतला ओलावा कॉम्प्रेसरमध्ये जमतो आणि मध्येच पाण्याचा थेंब विमानावर थुंकला जातो. नळीत मॉइश्चर ट्रॅप बसवणं मस्ट. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर वापरायची आयडिया तुमच्या डोक्यात आली असेल, तर त्याआधी रेग्युलेटर घ्या. टायरचा दाब नोझलला झेपणार नाही.

रंग काय चुकलं ते स्वतःच सांगतो, फक्त भाषा कळायला हवी. खडबडीत पावडर दिसली, तर रंग हवेतच सुकतोय. संत्र्याच्या सालीसारखे खळगे पडले, तर रंग दाट आहे. कोळ्याच्या पायांसारखे ओघळ पसरले, तर रंग फार पातळ आहे, दाब जास्त आहे किंवा ब्रश फार जवळ आहे. आणि फवारा एका बाजूलाच जायला लागला, तर सुईचं टोक वाकलंय. पुढचा रविवार नवी सुई येण्याची वाट बघण्यात!

खरी परीक्षा साफसफाईची

मॉडेलवाल्यांत दोन प्रकारचे लोक असतात. एक ज्यांचा एअरब्रश वर्षानुवर्षं चालतो आणि दुसरे ज्यांचा एअरब्रश कपाटात पडून आहे. फरक टॅलेंटचा नाही, शेवटच्या दहा मिनिटांचा आहे. एनॅमल एकदा आत कडक झाला, की टर्पेंटाइनला दाद देत नाही.

वाटीतला उरलेला रंग काढून टाका. वाटी टिश्यूने पुसा. थोडं टर्पेंटाइन घाला, छोट्या ब्रशने वाटीच्या कडा घासा आणि जुन्या कापडावर फवारून टाका. आता दुसऱ्यांदा टर्पेंटाइन घाला, नोझलचं तोंड कापडाने हलकेच दाबा आणि हवा सोडा. हवा उलटी फिरते, वाटीत बुडबुडे येतात आणि आत लपलेला रंग वर येतो. एकदम हळू हं, नाहीतर तो वाटीतून थेट तुमच्या टी-शर्टवर! बाहेर येणारं टर्पेंटाइन स्वच्छ दिसेपर्यंत हेच पुन्हा पुन्हा.

मग मागचा नट सैल करून सुई सरळ रेषेत बाहेर काढा. टिश्यूवर थिनर घेऊन सुई पुसा, जाड बाजूकडून टोकाकडे. टोकाकडून मागे पुसाल तर टोक वाकेल आणि बोटही टोचेल. अडून बसलेल्या रंगासाठी एनसी थिनर इथे कामाला येतं, कारण हे धातूचे भाग आहेत, पॉलिस्टायरीन नाही. मेडिकलच्या दुकानात दातांच्या फटी साफ करायचे बारीक ब्रश मिळतात, ते आतल्या नळीसाठी भन्नाट! पण अख्खा एअरब्रश थिनरमध्ये रात्रभर बुडवून ठेवायचा शॉर्टकट नको. आतल्या रबरी रिंगा फुगतात आणि मग हवा गळायला लागते. सुई परत घालताना अलगद, जिथे अडेल तिथे थांबायचं. जोर लावला तर नोझल फाटतं.

वापरलेलं थिनर मोरीत ओतू नका, प्लीज! काचेच्या बरणीत साठवा. काही दिवसांत रंग तळाशी बसतो आणि वरचं नितळ थिनर पुढच्या वेळी पहिल्या धुण्याला चालतं. रंगाचे बोळेही कोंबून डस्टबिनमध्ये टाकायचे नाहीत. वाळताना ते आतून तापतात. बाहेर मोकळे पसरून वाळवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. थिनरची वाफ पेट घेते. वन रूम किचनमध्ये हा उद्योग करत असाल तर गॅस बंद, देवघरातला दिवा आणि उदबत्ती विझलेली, खिडक्या सताड उघड्या. कोविडमधला उरलेला एन-९५ मास्क रंगाचे कण अडवेल, वाफ नाही. त्यासाठी ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज असलेला मास्कच लागतो. डोकं जड व्हायला लागलं तर ती 'नशा' नाही, उठून बाहेर जायची सूचना आहे.

फ्लॅप, एलेरॉन…

मित्राने पुढच्या रविवारी पहाटे धुळ्यातल्या गच्चीवर उजवा पंख रंगवला. पहिला थर इतका विरळ, की खालचं प्लास्टिक दिसत होतं. पंधरा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. दोन दिवस पंख झाकून ठेवला, कारण एनॅमल वाळल्यासारखा दिसतो तेव्हा वाळलेला नसतो. तिसऱ्या दिवशी नानांच्या हातात दिला.

नानांनी तो ट्यूबलाइटखाली धरला, पण बघायच्या आधीच अंगठ्याचं नख कडेने फिरवलं. "हा फ्लॅप." नख पुढे सरकलं. "हा एलेरॉन." मग रंगाचा एक शब्दही न बोलता त्यांनी विचारलं, "हत्यार धुतलं का?" मित्राने साफ केलेली सुई दाखवली. नानांनी ती बोटांमध्ये फिरवून बघितली आणि टाकीकडे बोट दाखवलं. ती पुन्हा करायची होती.

सुरुवात करताय? हे जवळ ठेवा!

* ०.३ मिलिमीटर नोझलचा डबल ॲक्शन एअरब्रश. ट्रिगर खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग. एक तास नुसतं कागदावर टर्पेंटाइन मारून हात बसवा.
* रेग्युलेटर आणि मॉइश्चर ट्रॅप असलेला छोटा कॉम्प्रेसर.
* मिनरल टर्पेंटाइन आणि थोडं एनसी थिनर. बाटल्यांवर मोठ्या अक्षरात नावं लिहा. दोन्ही दिसायला पाण्यासारखी असतात!
* रंग मोजायला ड्रॉपर, गाळायला नायलॉन सॉक्स, हलवायला काचेची छोटी बाटली.
* नायट्राइल ग्लोव्हज आणि कार्ट्रिजवाला मास्क.
* आणि रविवारची सकाळ. रंगवायला वीस मिनिटं, साफ करायला दहा. घाईत असाल तर पहिली वीस सोडा, पण शेवटची दहा सोडू नका.